झडीच्या दिवसांसाठी कंडेन्सर ड्रायर: गावातल्या घरात खोली कशी तयार करावी

पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांत एकदा झड लागली की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. सपरीत बांधलेल्या दोरीवरचे कपडे चिंबच राहतात, शाळेच्या गणवेशाला कुबट वास येतो. घरात बाळंतीण असेल, अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल, तर लंगोट, दुपटी, चादरी वाळवायला शेगडी पेटते. बंद खोलीतली कोळशाची शेगडी जीवघेणी आहे. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड साचत जातो, आणि त्याला ना रंग ना वास. गावात कपडे वाळवायचं मशीन घेण्याचं माझ्या दृष्टीने हेच सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ते खूप मोठं आहे.

मशीन जिल्ह्याच्या गावी मिळतं, ऑनलाइनही मिळतं. अडतं ते खोलीपाशी. कंडेन्सर ड्रायरला बाहेर जाणारी नळी लागत नाही, म्हणून "कुठंही ठेवा, प्लग लावा" असं विकणारे सांगतात. तसं ठेवलेलं मशीन दोन तासांच्या कामाला चार तास लावतं, मधेच बंद पडतं, खोलीच्या भिंतींना बुरशी धरते, आणि शेवटी मशीनलाच बोल लागतो. म्हणून मशीन मागवण्याच्या आधी खोली तयार करा. उन्हाळ्यातच करा, कारण त्या वेळी मिस्त्रीही मिळतो आणि गिलावाही नीट सुकतो.

हे मशीन खोलीकडून काय मागतं

ड्रमात गरम हवा कपड्यांतलं पाणी ओढून घेते. ही वाफाळलेली हवा पातळ धातूच्या पट्ट्यांमधून, म्हणजे कंडेन्सरमधून, जाते. पट्ट्यांच्या दुसऱ्या बाजूने एक पंखा खोलीतली हवा फिरवत असतो. त्या गारव्याने वाफेचं पाणी होतं आणि टाकीत जमा होतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण गार असेल तर आतून थेंब धरतात, झाकण तापलं की वाफ बाजूने निसटते. इथे झाकण गार ठेवायचं काम तुमच्या खोलीतल्या हवेचं आहे.

आता दुसरी बाजू. मशीन जेवढी वीज घेतं, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. साधा कंडेन्सर ड्रायर २,००० ते २,८०० वॅटचा असतो. म्हणजे दोन तास एक मोठा रूम हीटर चालू ठेवल्यासारखंच झालं. खोली बंद असेल तर तिथली हवा तापते, पट्ट्या गार होत नाहीत, वाफेचं पाणी होत नाही, कपडे ओलेच राहतात. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत भोवतालचं तापमान साधारण ५ ते ३५ अंश असावं असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पण तेव्हा अर्ध्या तासात लुगडं वाळतं, मशीन लागतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवा झडीत २५ ते २८ अंशांवर असते. ही हवा मशीनला अगदी योग्य आहे. ती आत येत राहील आणि तापलेली बाहेर जाईल एवढंच आपल्याला करायचं आहे.

बाहेरची हवा दमट असताना ती आत घेऊन काय फायदा, असं पुष्कळांना वाटतं. कपड्यांभोवतीची हवा मशीनच्या आतल्या आत फिरते. खोलीतली हवा फक्त पट्ट्या गार करते, त्यामुळे ती दमट असली तरी फारसं बिघडत नाही. ती गरम असली तर मात्र बिघडतं.

हीट पंपाचा ड्रायर हा याच जातीचा, पण आत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेला. तो साधारण ६०० ते १,००० वॅट घेतो. ७ किलो सुती कपडे चांगले पिळले तरी त्यांत ४ लिटरच्या आसपास पाणी उरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायलाच सुमारे ०.६५ युनिट लागतं. म्हणून साध्या कंडेन्सरला पूर्ण भरलेल्या एका खेपेला साधारण ४ युनिट पडतात, हीट पंपाला दीड ते दोन. घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटांवर दर चढतात, त्यामुळे झडीच्या महिन्यातला हा फरक बिलात दुपटीहून जास्त जाणवू शकतो. हीट पंपाचं मशीन महाग असतं, तरी गावातल्या कमी व्होल्टेजचा आणि छोट्या मंजूर भाराचा विचार करता माझा कौल त्यालाच आहे. अट एकच: दुरुस्ती करणारा माणूस निदान जिल्ह्याच्या गावी असला पाहिजे.

आणि एक गोष्ट पैसे न लागता होते. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा स्पिनर कपडे वाळवत नाही, पिळतो. पण तो पिळतो फार चांगला. ड्रायरमध्ये टाकण्याआधी कपडे स्पिनरमध्ये दोन मिनिटं जास्त फिरवा. स्पिनरने काढलेल्या प्रत्येक लिटर पाण्यामागे अर्धं ते एक युनिट वाचतं.

खोली निवडताना

६ बाय ८ फुटांची खोली पुरते. मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ६० ते ६५ खोल आणि ८५ उंच असतं, वजन ४० ते ५५ किलो. जुन्या वाड्यांचे आतले दरवाजे अरुंद असतात, उंबरे उंच असतात. आधी फीत लावून मोजा आणि मशीन उभंच्या उभं आत जाईल ना ते पाहा.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे न्हाणीला लागून असलेली, सांदवाडीकडे (घरामागच्या परसाकडे) उघडणारी, स्लॅबची, उत्तरेची किंवा पूर्वेची खोली. पाण्याचा निचरा जवळ मिळतो आणि पावसाळी वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येकडून येत असल्याने पूर्व-उत्तरेच्या झरोक्यांतून पाणी आत येत नाही. टिनाच्या छताची खोली चालेल, पण ढगांतून ऊन निघालं की टिन तापतं, म्हणून खाली छत मारून घ्यावं लागेल. कवेलूच्या छताखाली मशीन ठेवू नका असं मी सांगेन. वानरं कवेलू सरकवतात, पाणी गळतं, वरून माती आणि कचरा पडतो. दुसरी जागाच नसेल तर मशीनच्या वर पक्कं छत करून घ्या, आणि ते केल्याशिवाय मशीन आणू नका.

न्हाणीच्या आत मशीन नको. उघड्या पडवीतही नको, झडीचे तुषार थेट प्लगवर येतात. ज्या खोलीत गॅस गीझर आहे, तिथे तर बिलकूल नको: एक्झॉस्ट पंखा सुरू झाला की गीझरचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी उलटा घरात ओढला जाऊ शकतो. चुलीच्या खोलीलगत ठेवलंत तर पंखा धूर ओढेल आणि तो मशीनच्या पट्ट्यांत जाऊन बसेल. कापसाच्या आणि फवारणीच्या औषधांच्या खोलीबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

जमीन

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकली तर दोन पावसाळ्यांत ती वर-खाली होते, आणि ड्रम फिरणारं मशीन तिरक्या जमिनीवर थरथरत सरकायला लागतं. मशीन बसणार तेवढ्या जागेतली, म्हणजे अडीच-तीन फूट लांबी-रुंदीची काळी माती दोन फूट खोल काढा, मुरूम भरून पाणी मारून धुमसा, वर गिट्टीचं ४ इंची काँक्रीट करा. हा ओटा बाकीच्या जमिनीपेक्षा ६ इंच उंच ठेवा. न्हाणीचं पाणी तुंबलं किंवा अंगणातलं आत आलं तरी मशीनचं बूड कोरडं राहतं. खोलीच्या जमिनीला मोरीकडे उतार असू द्या, ओटा मात्र पाणसळ लावून अगदी सपाट.

शेणाने सारवलेली जमीन असेल तर निदान या खोलीत ती बदला. सारवण वाळून धूळ होते, आणि मशीन ती धूळ ओढून घेतं. मातीच्या भिंती ठेवायला हरकत नाही. जिथे बोर्ड आणि पंखा येणार तेवढ्या भागात विटांचं काम करून घ्या आणि पंख्याच्या भोकावर छोटी आडवी पट्टी टाका, नाहीतर वरची माती सुटते.

हवा

इथे कंजुषी करू नका. बाकी सगळं नीट आणि हवा अडलेली, असं झालं तर मशीन वायाच.

दोन भोकं हवीत, समोरासमोरच्या भिंतींत. एक खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, बाहेरची गार हवा आत यायला. दुसरं वर, छताखाली, एक्झॉस्ट पंख्याचं. साध्या कंडेन्सरला १२ इंची पंखा लावा. हीट पंपाला ९ इंची पुरतो. खालचा झरोका पंख्याच्या तोंडाहून मोठा हवा, कारण जाळी बसवली की हवेची वाट अरुंद होते. १२ बाय १८ इंच ठेवला तर चिंता नाही. त्यावर बाहेरून छोटा छज्जा किंवा तिरक्या पट्ट्या, म्हणजे पाऊस आत येणार नाही.

जाळी दुहेरी करा. बाहेरून पाव इंची भोकांची, जाड तारेची, उंदीर आणि साप येऊ नयेत म्हणून. मशीनची ऊब उंदरांना ओढून आणते आणि वायर कुरतडली गेली तर खर्च मोठा होतो. आतून डासांची जाळी, पण ती चौकटीवर, काढता-घालता येईल अशी. कपड्यांचा बारीक लव उडून ही जाळी महिन्याभरात गच्च होते, ब्रशने झाडायची. पाल आत गेली की सर्किट बोर्डवरच जाऊन बसते, तिलाही हीच बारीक जाळी अडवते.

पंख्याचं तोंड कुठे उघडतं तेही पाहा. गोठ्यात कुटार रचलेलं असेल तर तिकडे नको. लव आणि कोरडं कुटार एकत्र येऊ देण्यात शहाणपण नाही.

मशीनच्या मागे आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटांची जागा सोडा, आणि ज्या बाजूने ते हवा ओढतं ती बाजू अजिबात झाकू नका. काही मशीनचं हे तोंड समोर खाली असतं, काहींचं मागे. पुस्तिकेत चित्र असतं. मशीनसमोर धुण्याचा ढीग ठेवायची सवय प्रत्येक घरात असते. तो ढीग नेमका हवेच्या तोंडावर येतो.

कंडेन्सर सगळी वाफ पकडत नाही. चांगलं मशीनही दहा टक्क्यांच्या आसपास सोडतं, साधं मशीन वीस टक्क्यांपर्यंत. चार लिटरचे वीस टक्के म्हणजे पाऊण लिटरहून जास्त पाणी दर खेपेला खोलीच्या हवेत. म्हणून मशीन थांबल्यावर पंखा अजून अर्धा तास चालू द्या. भिंतींना तेलरंगापेक्षा चुना बरा.

वीज

आधी बिल काढा आणि मंजूर भार किती आहे ते वाचा. गावातल्या पुष्कळ घरांचा तो अर्धा किंवा एक किलोवॅट असतो. त्यावर अडीच किलोवॅटचं मशीन चढवण्याआधी महावितरणकडे भार वाढवून घ्या. घर गावठाणाबाहेर, शेतात असेल तर घरासाठी वेगळं घरगुती कनेक्शन लागेल. शेतीपंपाच्या कनेक्शनवर घरची उपकरणं चालवणं नियमात बसत नाही, आणि तिथली वीज ठरावीक तासच असते, मशीन मधेच बंद पडेल.

मीटरपासून ड्रायरपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा. तांब्याची, आयएसआय चिन्हाची, अडीच एमएम. अंतर २० मीटरच्या पुढे जात असेल तर चार एमएम. जुन्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असते. तिला तांब्याचा जोड देऊन काम उरकू देऊ नका, तो जोड सैल होतो, तापतो आणि जळतो. लाइनवर १६ ॲम्पिअरचा एमसीबी आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी. एमसीबी म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. आरसीसीबी म्हणजे अंगातून वीज जमिनीत जायला लागली तर क्षणात लाइन तोडणारा स्विच. ओल्या हातांच्या, ओल्या जमिनीच्या खोलीत तो नसेल तर मी मशीन सुरू करू देणार नाही. शेवटी १६ ॲम्पिअरचा तीन पिनांचा मोठा पॉवर प्लग, मशीनच्या बाजूला, तीन-चार फूट उंचीवर, सहज हात पोचेल असा. मशीनच्या पाठीमागे नको आणि नळाच्या वर नको. एक्स्टेंशन बोर्ड कधीच नाही.

अर्थिंगचं काम स्वतः उभं राहून करून घ्या. ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा गाडून भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण, ही आपल्याकडची पद्धत. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्येही पाइपचं माप असंच आहे. काळ्या मातीत उन्हाळ्यात पाइपभोवती भेगा पडतात आणि मातीची पकड सुटते, म्हणून महिन्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतायचं. मल्टीमीटरवर व्होल्टेज बरोबर दिसलं म्हणजे अर्थिंग चांगलं असं होत नाही; अर्धवट जोडलेल्या तारेवरही मीटर तेवढंच दाखवतो. वायरमनला अर्थ टेस्टर आणायला सांगा. रोध ५ ओहमच्या आत आला तर उत्तम.

एक जीवघेणी पद्धत अजून चालते: अर्थिंग नाही म्हणून प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ पिन तारेने जोडून देतात. वर कुठे न्यूट्रल तुटला, आणि वादळात तो तुटतोच, की मशीनच्या सगळ्या पत्र्यात वीज उतरते. बोर्ड बंद करण्याआधी तो उघडून दाखवायला सांगा. याबाबत भीड ठेवू नका.

व्होल्टेजचं गणित समजून घ्या म्हणजे मशीन हळू का चालतं ते कळेल. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टवर २,४०० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टवर जेमतेम १,४७० वॅट देतो. संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज पडत असेल तर मशीन दुपारी चालवा. तरीही कमीच असेल तर स्टॅबिलायझर. साध्या कंडेन्सरला ५ केव्हीएचा लागतो आणि तो महाग पडतो. हीट पंपाला ३ केव्हीएचा पुरतो, आणि कॉम्प्रेसर असल्याने त्याला तो लावायलाच हवा. घरच्या इन्व्हर्टरवर यातलं काही चालवायचं नाही. वायरिंग करतानाच ही लाइन इन्व्हर्टरच्या बाहेर ठेवायला सांगा.

विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा. बटण बंद करून भागत नाही.

पाणी

टाकीत साधारण ४-५ लिटर मावतात. भरली की मशीन थांबतं आणि दिवा लागतो. दर खेपेला टाकी ओतणं जमणार नसेल तर निचऱ्याची नळी मोरीत सोडा. नळीचं तोंड मशीनच्या बुडापासून एक मीटरपेक्षा उंच जाऊ देऊ नका, आणि ते तुंबलेल्या पाण्यात बुडू देऊ नका, नाहीतर घाण पाणी उलटं ओढलं जातं. नळीला पीळ पडला नाही ना, एवढं बघा की झालं.

हे पाणी दिसतं स्वच्छ, पण त्यात लव आणि साबणाचा अंश असतो. झाडांना घाला, फरशी पुसा. माणसांनी प्यायचं नाही, ढोरांनाही पाजायचं नाही. वाफेचं पाणी म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतायचा मोह होतो. बॅटरी खराब होईल.

कापूस, फवारणी आणि जवसाचं तेल

सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन वेचणी लागली की घराघरांत कापूस येतो. भाव चढण्याची वाट पाहत तो माजघरात, कोठीत, कधी तर झोपायच्या खोलीत छतापर्यंत रचलेला असतो, फेब्रुवारी-मार्चपर्यंत. ड्रायर असलेल्या खोलीत कापूस ठेवायचा नाही. थोडा नाही, तात्पुरता नाही, "आता मशीन बंदच आहे" म्हणूनही नाही. प्लगमधली एक ठिणगी पुरते, आणि कापसाची आग वरून विझल्यासारखी दिसली तरी आत धुमसत राहते. ड्रायरच्या आणि कापसाच्या खोलीमध्ये पूर्ण भिंत हवी, तिच्यात झरोका नसावा. कापूस ठेवायला दुसरी जागाच नसेल, तर वेचणी सुरू होताच मशीनचा प्लग काढा, ते खोलीबाहेर हलवा आणि त्या लाइनचा एमसीबीही पाडून ठेवा. दिवाळीनंतर ऊन भरपूर असतं, तसंही मशीनवाचून अडत नाही.

वेचणीहून आलेल्या कपड्यांना कापसाचे तंतू चिकटलेले असतात. धुण्याआधी ते अंगणात झटकून घ्या. मशीनमधली लवाची जाळी प्रत्येक खेपेनंतर हाताने साफ करायचीच, आणि कंडेन्सर काढता येण्यासारखा असेल तर महिन्यातून एकदा नळाखाली धुवून पूर्ण वाळवून बसवायचा. जमलेला लव कोरडा आणि पेट घेणारा असतो. तो चुलीजवळच्या कचऱ्यात टाकू नका.

फवारणीचे कपडे ड्रायरमध्ये अजिबात नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. औषधाचा अंश धुतल्यावरही कपड्यात राहू शकतो, तो ड्रममध्ये चिकटतो आणि पुढच्या खेपेला बाळाच्या दुपट्याला लागतो. हे कपडे वेगळे धुवा, हातात मोजे घाला, आणि दोरीवर उन्हात वाळवा. उन्हाने औषधाचा अंश विघटित व्हायला मदत होते. झड असेल तर गोठ्याच्या छपराखाली वेगळी दोरी बांधा, वेळ लागला तरी चालेल. औषधांचे डबे आणि पंपही या खोलीत ठेवायचे नाहीत, कारण मशीन इथली हवा ओढतं आणि तापवतं.

तिसरी गोष्ट तेलाची. जवसाचं तेल हवेशी संयोग पावून आपोआप तापतं. ते लागलेलं फडकं गरम करून गुंडाळून ठेवलं तर काडी न लावता पेटू शकतं. खाण्याच्या तेलाची फडकी, डिझेल-पेट्रोल लागलेले कपडे, ट्रॅक्टरची पुसणी, हेही मशीनमध्ये टाकायचं नाही. तेलाचा वास येत असेल तर तो कपडा दोरीवर.

खिसे तपासा. माचिस, लायटर, बिडी, आणि हमखास सापडणारी खर्र्याची पन्नी. ती वितळून ड्रमच्या भोकांना चिकटते. गोधडी आणि जाड रजई टाकू नका, आतून वाळत नाही आणि मशीनला पेलत नाही.

खोलीच्या दाराबाहेर वाळूची बादली आणि जमल्यास २ किलोचं कोरड्या पावडरचं अग्निशामक टांगा. मशीनमधून धूर आला तर आधी एमसीबी पाडा. ड्रमचं दार उघडू नका, हवा मिळाली की आतली आग भडकते.

बसवणं आणि पहिली परीक्षा

मशीन आल्यावर हीट पंपाचं असेल तर काही तास उभं ठेवून मगच सुरू करा. वाहतुकीत ते आडवं झालं असेल तर रात्रभर थांबा. पाणसळ मशीनच्या डोक्यावर दोन्ही दिशांनी ठेवून खालचे पाय फिरवा आणि ड्रम फिरताना कोपऱ्यावर दाबून पाहा, डुगडुगता कामा नये.

मग भिंतीवर, मशीन हवा ओढतं त्या उंचीला, एक साधं तापमापक लावा. पंखा सुरू करा, मशीन सुरू करा, दर अर्ध्या तासाला आकडा बघा. ३५ च्या खाली राहिला तर खोली जमली. वर गेला तर दार उघडून पुन्हा बघा. उतरला, तर खालचा झरोका लहान आहे असं समजा.

दुसरी परीक्षा आपल्या घरच्या धान्याच्या काट्यावर होते. पिळलेले ओले कपडे तोला, वाळल्यावर पुन्हा तोला, आणि टाकीतलं पाणी मोजा. समजा कपड्यांचं वजन ३ किलोने कमी झालं आणि टाकीत अडीच लिटर आलं, तर मशीनने सुमारे ८३ टक्के पाणी पकडलं. ८० च्या वर असेल तर समाधानकारक. ७० च्या खाली असेल तर खोली तापते आहे, किंवा कंडेन्सर नीट बसलेला नाही, किंवा दाराचं रबर हवा सोडतं आहे, याच क्रमाने तपासा. नळी मोरीत सोडलेली असेल तर या खेपेपुरती तिचं तोंड बादलीत धरा. झड सुरू असताना महिन्यातून एकदा हे केलं की मशीन बिघडायच्या आधीच कळतं.

वीज मधेच गेली तर कपडे ड्रममध्ये तसेच ठेवू नका. शेवटची दहा मिनिटं मशीन कपडे थंड करत असतं, ते झालेलं नसतं. लगेच बाहेर काढून दोरीवर पसरा. गरम कपड्यांचा गोळा आतल्या आत तापत राहतो.

सुरू करण्याआधी ड्रममध्ये हात घालून पाहायचं. मांजरीला ऊब आवडते, लहान मुलांना ती गोल जागा आवडते. घरात लहान मूल असेल तर खोलीला वरची कडी लावा आणि ती लागलेलीच ठेवा.

पोळा झाला, पाऊस ओसरला की टाकी रिकामी करा, कंडेन्सर धुवून सावलीत पूर्ण वाळवा, प्लग काढा, मशीनवर जुनी सुती चादर घाला. प्लास्टिक नको, आत घाम धरतं. पुढच्या वर्षी रोहिणी नक्षत्र लागलं की चादर काढून आधी मागची वायर उंदराने कुरतडली नाही ना ते पाहा. जाळ्या झाडा, अर्थिंगच्या पाइपभोवती दोन बादल्या पाणी ओता, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. मग पहाटे, हवा गार असताना, चार ओल्या चादरींची एक छोटी खेप चालवा आणि टाकीत पाणी जमतं का पाहा. मृगाच्या आधी बिघाड सापडला तर दुरुस्तीला वेळ मिळतो. झडीत रस्ते बंद असताना मेकॅनिक गावात यायला आठवडा लागू शकतो.